चऱ्याच्या तळापर्यंत

खंडेनवमीच्या सकाळी नाशिकच्या गल्ल्यांतून पाण्याचे ओहोळ वाहत असतात. दारोदारी गाड्या धुतल्या जातात. काळी किंवा गडद निळी गाडी पाण्याने निथळत असते, तेव्हा ती आत्ताच शोरूममधून आल्यासारखी दिसते. एकही चरा नाही. मग ऊन चढतं, पाणी वाळतं, आणि बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं उमटतं. पाहणाऱ्याला वाटतं, धुताना फडकं जोरात फिरलं. तसं थोडं झालंही असेल, पण बहुतेक जाळं जुनंच असतं. पाण्याने ते तासभर झाकलं होतं, एवढंच.

पाणी ते कसं झाकतं हे कळलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात. बारीक चरा म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात पडलेली खाच. तिच्या कडांवर उजेड वेडावाकडा विखुरतो आणि आपल्याला पांढरी रेघ दिसते. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वळतो ते सांगणारा आकडा, १, पाण्याचा १.३३ आणि त्या थराचा साधारण १.५. खाचेत हवेऐवजी पाणी भरलं की दोन्हींतला फरक घटतो, उजेड कमी विखुरतो आणि रेघ दिसेनाशी होते. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक तर १.४५ च्या जवळ, म्हणून तेल चोळल्यावर चरे गेल्यासारखेच वाटतात. चार दिवसांत त्या तेलावर धूळ बसते आणि ती पुसताना नवे चरे पडतात. बाजारात ‘स्क्रॅच रिमूव्हर’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक बाटल्यांमध्ये असंच भरणारं तेल किंवा मेण असतं. दोन-तीनदा गाडी धुतली की ते निघून जातं आणि चरे होते तिथेच असतात.

आणखी एक गोष्ट. हे चरे गोल नसतात. ते सरळ, तिरपे, आडवे, सगळ्या दिशांना असतात. दिव्याभोवती वर्तुळाच्या दिशेने गेलेले तेवढेच चरे उजेड आपल्या डोळ्याकडे परतवतात, बाकीचे अंधारात राहतात, म्हणून जाळं गोल भासतं. घासणीने घासलेलं स्टीलचं ताट खिडकीपाशी धरून हलवलं की उजेडाभोवतीची वर्तुळं ताटावर सरकताना दिसतात. ताटावरचे ओरखडे तर जागचे हललेले नसतात. गाडीवर हाच प्रकार. त्यामुळे ‘गोल गोल पुसलं म्हणून गोल चरे पडले’ हे म्हणणं बरोबर नाही. सरळ पुसलं असतं तरी खडा फडक्यात असेपर्यंत चरा पडणारच होता.

आता त्या पारदर्शक थराकडे वळू. गॅरेजमध्ये त्याला नुसतं ‘क्लिअर’ म्हणतात. गाडी इथल्या सातपूरला बनलेली असो की चाकणला, पत्र्यावर थर साधारण एकाच क्रमाने चढतात. पत्रा धुऊन फॉस्फेटचा हात, मग विजेच्या साहाय्याने बसवलेला ईडी कोट साधारण २० मायक्रॉन, त्यावर प्रायमर ३० ते ४०, मग ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो बेस १५ ते २०, आणि सगळ्यात वर क्लिअर ३५ ते ५०. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्तमानपत्राचं पान ६० ते ७० मायक्रॉन जाड असतं. म्हणजे गाडीची सगळी चमक आणि उन्हापासूनचं सगळं संरक्षण पेपरच्या पानाच्या जेमतेम अर्ध्या-पाऊण जाडीत आहे. सूर्याचे अतिनील किरण अडवणारी द्रव्यं याच थरात मिसळलेली असतात.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची बाब अशी, की चरा ‘काढता’ येत नाही. खाच म्हणजे नसलेली जागा, ती काय काढणार? तिच्या भोवतीची पातळी तिच्या तळापर्यंत खाली आणायची, मग खाच उरत नाही. शेत सपाट करताना खोलगट भागाच्या पातळीला यावं म्हणून बाकीची माती ओढतात, तसंच. आणि ज्या रानात काळी माती हातभरच आहे आणि खाली मुरूम, तिथे किती माती ओढायची हे दहादा विचार करून ठरवावं लागतं. एकदा मुरूम उघडा पडला की संपलं.

हिशोब करून बघू. हलक्या पॉलिशने एका वेळी एखादा मायक्रॉन जातो, जोरदार कंपाउंडने, म्हणजे जास्त भरड कणांच्या पॉलिशने, तीन-चार. क्लिअर ४० धरलं आणि दर दसऱ्याला ‘फुल बॉडी रबिंग’ करून घेतलं, तर सात-आठ वर्षांत २५ ते ३० मायक्रॉन गेले. उरलेलं क्लिअर नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात तग धरत नाही. छत आणि बॉनेट आधी धुरकट होतात, मग भिंतीच्या चुन्यासारखे पोपडे सुटू लागतात. पोपड्यावर पॉलिशचा काही उपयोग नाही, तो भाग नव्याने रंगवावाच लागतो. म्हणून जोरदार कंपाउंड गाडीच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा. मध्ये लागलंच तर हलकं पॉलिश, तेही तीनेक वर्षांनी. यापेक्षा जास्त वेळा गरज पडत असेल तर दोष धुण्या-पुसण्यात आहे आणि आधी तोच बघावा.

चरे पडतात ते धुळीने. नाशिक काळ्या बेसाल्टवर वसलेलं आहे. या दगडाची खडी क्रशरवर फुटते, रस्त्यावर पडते, टायरखाली दळली जाते आणि वाऱ्यावर येऊन बॉनेटवर बसते. बेसाल्टमधली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं कडकपणाच्या मोह्‌सच्या मापावर ५ ते ६.५ भरतात. घरातली सुरी ५.५ च्या आसपास. क्लिअर तर शेवटी प्लॅस्टिकच्या जातीचंच. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं चालू आहेत, त्यामुळे ही धूळ सध्या नेहमीपेक्षा जास्त. ती सुकी असताना पिवळं फडकं फिरवलं की फडक्याचं सूत निरुपद्रवी असूनही त्यात अडकलेले कण नांगरासारखे चालतात. मोरपिसांची किंवा मेण लावलेल्या दोऱ्यांची झटकणीही तेच करते, थोडं कमी.

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडच्या सोसायट्यांत पहाटे गाड्या पुसणारी माणसं एका बादलीत पंधरा-वीस गाड्या करतात. तिसऱ्या गाडीनंतर बादलीत पाणी कमी आणि गाळ जास्त असतो. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. एका गाडीला मिळणारी चार मिनिटं आणि तेवढंच पाणी, यात याहून वेगळं काही होऊच शकत नाही. “दादा, रोज पुसू नका, आठवड्यातून एकदाच पाणी मारून धुवा, पैसे तेवढेच घ्या,” एवढं सांगितलं तरी वर्षाकाठी शेकडो चरे वाचतात. कव्हरचंही तेच. धुळकट गाडीवर कव्हर घातलं आणि उन्हाळ्यातला दुपारचा वारा सुटला की ते दिवसभर फडफडत गाडी घासत राहतं. कव्हर घालायचं तर धुतलेल्या गाडीवर, नाहीतर नको.

सणांचे चरे वेगळे ओळखू येतात. दसऱ्याच्या हाराला दोऱ्याऐवजी बारीक तार असली, की ग्रिलपासून बॉनेटवर चढलेल्या त्या तारेचं टोक गाडी चालताना एकाच जागी घासतं आणि बोटभर लांबीचा खोल पट्टा पडतो. हार घालावा, पण सुतळीचा, आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी उतरवून ठेवावा. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतात. त्या भागात गाडी लावली असेल तर सुकलेला रंग हाताने झटकायचा नाही, आधी भरपूर पाणी. द्राक्षपट्ट्यातली गोष्ट आणखी निराळी. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे ऑक्टोबर छाटणीनंतर ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारण्या सुरू होतात, आणि बांधावर उभ्या केलेल्या गाडीवर बोर्डो मिश्रणाचे निळसर पांढरे ठिपके बसतात. मोरचूद आणि चुना. सुकल्यावर ते खरवडून काढणं म्हणजे चुन्याच्या खड्यांनी गाडी घासणं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, सावलीत, फडकं भिजवून ठिपक्यांवर दोन-तीन मिनिटं ठेवायचं आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. चुना आम्लात विरघळतो, घासायची गरज पडत नाही. बांधकामाजवळ उडालेल्या सिमेंटच्या ठिपक्यांनाही हाच उपाय, मात्र ते जाड असतील तर दोन-चारदा करावा लागतो.

काम हाती घेण्याआधी चऱ्याची खोली ठरवायची. नखाचं टोक चऱ्यावरून आडवं, अगदी हलक्या हाताने न्यायचं. नख अडकलं नाही तर तो पॉलिशने जाण्याजोगा. अडकलं तर तो चार-पाच मायक्रॉन किंवा त्याहून खोल आहे असं समजावं. तो पूर्ण घालवण्याच्या मागे लागू नये, कडा गोलसर करून फिका करता आला तरी पुष्कळ. चऱ्यात राखाडी किंवा पांढरं दिसत असेल तर आपण प्रायमरवर आहोत आणि हा पॉलिशचा विषय राहिलेला नाही. पत्र्याची चमक किंवा गंज दिसत असेल तर पावसाळ्याआधी तिथे रंग लागलाच पाहिजे. पक्ष्याच्या विष्ठेचा डाग बोटाला खड्ड्यासारखा लागतो, पण तो चरा नव्हे. उन्हात तापून मऊ झालेलं क्लिअर विष्ठेतल्या आम्लाने खाल्लेलं असतं. मे-जूनमध्ये जांभळाखाली गाडी लावणाऱ्यांना हे डाग चांगलेच माहीत आहेत. वरवरचे निघतात, खोलवर गेलेले सोडून द्यावे लागतात.

शक्य असेल तर थर मोजणारं यंत्र आणावं, गाड्या पॉलिश करणाऱ्या डिटेलिंगवाल्यांकडे असतंच. कारखान्यातल्या रंगाचं एकूण माप ९० ते १३० मायक्रॉनच्या दरम्यान येतं. २०० च्या पुढे आलं तर तो भाग नंतर रंगवलेला, आणि हजाराच्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. हे यंत्र पत्र्यावर चालतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही. नंतर रंगवलेल्या भागात विशेष जपावं लागतं. कारखान्यात क्लिअर साधारण १४० अंशांना भाजलेलं असतं, गॅरेजच्या बूथमध्ये ६० अंशांना, कारण तोवर गाडीत वायर, रबर, प्लॅस्टिक सगळं बसलेलं असतं. त्यामुळे ते बहुधा मऊ राहतं आणि मशीनखाली भराभर उतरतं.

धुणं नीट झालं नाही तर पुढचं काम म्हणजे मेहनतीने चरे पाडणं. आधी नुसत्या पाण्याचा फवारा, वरून खाली, जेवढी धूळ हात न लावता जाईल तेवढी घालवायची. मग दोन बादल्या, पंधरा-वीस लिटरच्या, एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच पुन्हा शॅम्पूत. छत आधी, चाकांजवळचा खालचा भाग शेवटी. भांड्यांचा साबण वापरू नये, बऱ्याचदा त्यात मीठ असतं आणि बुळबुळीतपणा कमी. बोअरचं पाणी असेल तर ते गाडीच्या अंगावर सुकू द्यायचं नाही, क्षारांचे गोल डाग राहतात. पुसायचं फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. झटकून चालत नाही.

धुतल्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून बॉनेटवरून तळवा फिरवायचा. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर उत्तम. खरखरीत लागलं तर ब्रेकची लोखंडी धूळ आणि डांबराचे कण क्लिअरमध्ये रुतलेले आहेत. त्यासाठी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारी मऊ, मातीसारखी वडी. शॅम्पूचं पातळ पाणी फवारून तिची चपटी वडी अगदी हलक्या हाताने सरळ रेषेत पुढे-मागे न्यायची, मळ दिसला की दुमडून स्वच्छ बाजू वर आणायची. क्लेचेही बारीक चरे पडतात, म्हणून पॉलिश करायचं नसेल तेव्हा उगाच क्ले फिरवू नये.

मग टेप. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, रबरी कडा, बोधचिन्हं, दिव्यांचे कोपरे आणि पत्र्याच्या धारदार घड्या, सगळीकडे कागदी मास्किंग टेप लावायची. खडबडीत काळ्या प्लॅस्टिकवर कंपाउंड लागलं तर पांढरे डाग ब्रश घेऊनही सहज निघत नाहीत. घड्यांवर टेप का, तर रंग ओला असताना धारेवरून ओघळून बाजूला सरकतो, तिथला थर मुळातच पातळ असतो, आणि पॅडचा सगळा दाब त्या धारेवरच एकवटतो. क्लिअर सगळ्यात आधी उडतं ते या घड्यांवरच. स्वतःच्या अंगावरच्या गोष्टीही काढून ठेवायच्या: घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल. मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची, ती बॉनेटवर लोळता कामा नये.

मशीन दोन प्रकारची. रोटरी म्हणजे एकाच अक्षावर गरगर फिरणारं, ग्राइंडरच्या वळणाचं. अनुभवी हातात ते फार जलद काम करतं, नवख्याच्या हातात काही सेकंदांत एका जागी उष्णता साचवून क्लिअर जाळतं. दुसरं ड्युअल ॲक्शन, बोलताना नुसतं डीए. ते फिरतं आणि त्याच वेळी छोटे गोल हेलकावेही घेतं. जास्त दाबलं तर फिरायचं थांबतं, त्यामुळे भाजण्याचा धोका कमी. घरी करायचं असेल तर डीएच घ्यावं, १५ मिलिमीटर फेकीचं (म्हणजे हेलकाव्याच्या वर्तुळाचा व्यास तेवढा), पॅड चिकटवायच्या ५ इंची प्लेटचं. सोबत मध्यम कडक फोमची आणि मऊ फोमची निदान चार-चार पॅड. पॅड कमी घेणं ही फार सर्रास होणारी चूक. कंपाउंडने भिजून तापलेलं पॅड कापत नाही, नुसतं घसरतं.

सुरुवात कायम सगळ्यात सौम्य जोडीने. डिकीच्या एका कोपऱ्यात दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखायचा. मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश लावून बघायचं. चरे गेले नाहीत तर मध्यम पॅड आणि तेच पॉलिश, तरीही नाही गेले तर मध्यम पॅड आणि कंपाउंड. जी जोडी लागू पडेल तीच सगळ्या गाडीवर, तिच्याहून कडक नाही. इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्यावा, त्या अर्ध्या तासात क्लिअरचे दोन-तीन मायक्रॉन वाचलेले असतात.

नव्या पॅडला पहिल्यांदा पॉलिशचा पातळ हात सगळ्या तोंडावर चोळून घ्यायचा, म्हणजे कोरडा फोम कुठे घासत नाही. त्यानंतर दर चौकोनाला मटाराच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असताना पॅड पत्र्यावर टेकवायचं, सगळ्यात कमी वेगावर थेंब चौकोनभर पसरवायचे आणि मग वेग चार-पाचवर न्यायचा. हवेत चालू केलं तर कंपाउंड भिंतीपर्यंत उडतं. मशीन सेकंदाला साधारण एक इंच, याहून वेगात न्यायचं नाही. आधी आडव्या रेघा, प्रत्येक रेघ आधीच्या रेघेवर निम्मी चढलेली, मग त्यावर उभ्या. अशा एकूण चार ते सहा फेऱ्या. दाब पहिल्या फेऱ्यांना साधारण पाच किलो, शेवटच्या फेरीला मशीनच्या वजनाएवढाच. पाच किलो म्हणजे किती हे घरातल्या वजनकाट्यावर पॅड दाबून आधीच हाताला शिकवून ठेवता येतं. प्लेटच्या कडेवर मार्करने एक काळी रेघ मारून ठेवावी. ती फिरताना दिसत असेल तर पॅड फिरतंय, एका जागी थरथरत असेल तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरपं धरलंय. तिरपं धरलेलं पॅड कमानी काढत जातं, सपाट टेकलेलं पॅडच सारखं कापतं.

चौकोन संपल्यावर तळवा टेकवून बघायचा. पाच सेकंद ठेवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर थांबून थंड होऊ द्यायचं. बंपरवर तर निम्मा वेळ आणि निम्मा दाब पुरतो, कारण प्लॅस्टिक उष्णता वाहून नेत नाही, ती जागच्या जागी साचते. दर चौकोनानंतर पॅड नायलॉनच्या ब्रशने झाडायचं आणि दोन-तीन भाग झाले की बदलायचं.

पॅडवर काय येतं याकडे लक्ष हवं. क्लिअर असलेल्या गाडीला, रंग कुठलाही असो, पॅडवर पांढरट मळच येतो. लाल गाडीचा लाल रंग पॅडवर दिसू लागला तर दोनच शक्यता. एक तर जुन्या पद्धतीचा, क्लिअर नसलेला एकथरी रंग आहे, आणि मग काळजी नाही. नाहीतर क्लिअर संपलं आणि आपण बेसवर आलो. दुसरी शक्यता असेल तर त्याच क्षणी मशीन उचलायचं.

पुसल्यानंतर जे दिसतं त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. पॉलिशमधलं तेल चऱ्यात भरलेलं असतं, खंडेनवमीच्या पाण्यासारखंच. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाच भाग डिस्टिल्ड पाणी बाटलीत घ्यायचं, फवारून स्वच्छ मायक्रोफायबरने पुसायचं. तेल निघतं आणि खरं काय ते उघडं पडतं. मग तिरप्या उन्हात किंवा एलईडी टॉर्च वेगवेगळ्या कोनांतून धरून बघायचं. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात, त्यामुळे तिथे बघून काही ठरवू नये.

चरे गेले पण एक पुसट पांढरी धुंदी उरली, असं कंपाउंडनंतर बऱ्याचदा होतं, मऊ क्लिअरवर आणि गडद रंगावर तर हमखास. ते कंपाउंडच्या कणांचेच अतिसूक्ष्म ओरखडे. मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश, कमी दाब, थोडा कमी वेग, अशी दुसरी पायरी केली की धुंदी जाते आणि काळा रंग खरोखर काळा दिसू लागतो. धुरळा फार उडत असेल तर पॉलिश वाळतंय. एप्रिलमध्ये दुपारी उघड्यावर काम केलं तर असं होणारच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी, छताखाली, हे नाशकात या कामाचे दिवस. उलट पॅड नुसतं घसरत असेल आणि चरे जागचे हलत नसतील, तर पॉलिश जास्त झालंय. अख्ख्या गाडीला, दोन पायऱ्या धरून, दहा तास सहज लागतात. दोन दिवसांत वाटून केलं तर शेवटचा दरवाजाही पहिल्यासारखा होतो. थकल्या हाताने केलेला भाग नंतर उन्हात ओळखू येतो.

दरवाजाच्या मुठीखालच्या वाटीत नखांचे आणि किल्लीचे चरे असतात, तिथे कुठलंच मशीन जात नाही. बोटाला मऊ फोमचा तुकडा, त्यावर थेंबभर पॉलिश, आणि सरळ रेषेत धीराने वीस-पंचवीस वेळा. हाताने होणारं काम एवढ्यापुरतंच ठेवावं. अख्खं बॉनेट हाताने करण्यात दिवस जातो आणि चौकोनाचौकोनाला दाब बदलतो. टूथपेस्टने चरे जातात असं सांगणाऱ्यांचं निम्मं खरं आहे, तिच्यात घासणारे कण असतातच. पण ते दातांसाठी ठरवलेले, क्लिअरसाठी नाहीत, आणि प्रत्येक ट्यूबमध्ये निराळे. गाडीवर त्यांचा प्रयोग कशाला?

नख अडकणाऱ्या आणि रंग गेलेल्या चऱ्याला टच-अप. रंगाचा कोड दरवाजाच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. चरा अल्कोहोलने पुसून, अगदी बारीक ब्रशने किंवा टोकदार काडीने रंग फक्त खाचेत भरायचा, कडांवर चढू द्यायचा नाही. पातळ हात, तो वाळला की दुसरा, मग क्लिअर, आजूबाजूच्या पातळीहून किंचित उंच येईपर्यंत. निदान आठवडाभर कडक होऊ द्यायचं. मग २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर छोट्या रबरी ठोकळ्यावर लावून, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, फक्त उंचवटा घासायचा आणि कंपाउंडने चमक आणायची. कागद बोटावर धरून घासला तर बोटांच्या आकाराचे खळगे पडतात. नव्या रंगावर मेण किंवा कोटिंग महिनाभर तरी लावू नये, आतला थिनर बाहेर पडायचा असतो.

काम बाहेर देणार असाल तर दोन प्रश्न विचारा: मशीन कुठलं, आणि शेवटी अल्कोहोलने पुसून उन्हात दाखवणार का? लोकरीचं पॅड आणि रोटरी वापरून, दुसरी पायरी गाळून दिलेली गाडी दुकानाच्या दिव्याखाली लखलखते आणि बाहेर उन्हात आली की तिच्यावर पंख्याच्या पात्यांसारख्या सरकत्या पट्ट्या दिसतात. त्याला होलोग्राम म्हणतात. ते घालवायला पुन्हा एक मायक्रॉन खर्च होतो, म्हणून पहिल्याच वेळी विचारलेलं बरं.

वरून संरक्षणाचा थर म्हणून मेण, सीलंट की सिरॅमिक, ते ज्याच्या त्याच्या खिशावर. एवढं ध्यानात असावं, की सिरॅमिकच्या डब्यावरचं ९एच हे पेन्सिलीच्या शिशाच्या कडकपणाचं माप आहे, मोह्‌सचं नव्हे. रस्त्यावरची बेसाल्टची धूळ त्यालाही चरे पाडते. पाणी लवकर ओघळतं आणि धुणं सोपं होतं, हा त्याचा खरा फायदा आणि तो मोठा आहे.

शेवटी पॅड धुवायची. कोमट पाणी, थोडा साबण, अंगठ्याने फोम दाबत राहायचं. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं निघतं. त्यात पॉलिश आहे, तेल आहे, आणि कारखान्यात १४० अंशांना भाजून बसवलेलं गाडीचं क्लिअरही आहे. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, पिळायचं नाही, नाहीतर मागचा वेल्क्रो सुटतो. दोन तळव्यांत दाबून पाणी काढायचं आणि तोंड खाली करून सावलीत, धूळ येणार नाही अशा जागी वाळत ठेवायची.